चावऱ्या किड्यावरचा आळ

मी नोकरीभर किडे पाळले. शेती खात्यातला माणूस म्हटला की लोकांना वाटतं, हा किडे मारायला सांगणारा. मी उलट्या बाजूचा. एक किडा दुसऱ्या किड्याला खातो, तर त्या खाणाऱ्याला वाढवायचं, नळीत भरायचं आणि शेतकऱ्याच्या बागेत नेऊन सोडायचं, हे माझं काम. या कामाचा सरकार पगार देतं हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही.

आम्ही नाशिकरोडला मालधक्क्यामागच्या वस्तीत राहायचो. वडील धक्क्यावर हमाल. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि शेतीची पदवी घेतलेला तर आख्ख्या वस्तीत पहिला. पदवीचा निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी विहारात पेढे वाटले होते. पुढे नोकरी लागली, आईनं शेजारणींना सांगितलं, पोरगा साहेब झाला. मग एकदा ती माझी प्रयोगशाळा बघायला आली. घरी जाऊन कपाळावर हात मारून घेतला.

"सगळी वस्ती खाटा उन्हात टाकून, रॉकेल ओतून ढेकणं मारतीय," ती वडिलांना म्हणाली, "आन् हा शिकला-सवरलेला, पगार घेऊन ढेकणं पाळतोय!"

तिचं काही चुकलं नव्हतं. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. एकीत फळ्यांवर लाल भोपळे मांडलेले आणि भोपळ्यांवर पिठ्या ढेकूण. द्राक्षाच्या घडावर पांढरं पीठ भुरभुरल्यासारखी जी कीड दिसते, तीच ही. त्या ढेकणांवर आम्ही एक छोटा ढालकिडा वाढवायचो. त्याची अळी आणि तो स्वतः, दोघंही ढेकूण फस्त करतात. दुसऱ्या खोलीत क्रायसोपा. हा हिरवा, जाळीदार पंखांचा नाजूक पतंग. पतंग गरीब, पण त्याची अळी महाखादाड. तोंडाला दोन वाकडे सुळे, ते मावा-तुडतुड्यांच्या अंगात खुपसायचे आणि आतलं सगळं शोषून टाकायचं. दोन अळ्या एका नळीत ठेवल्या तर सकाळी एकच उरते, म्हणून प्रत्येकीला वेगळी खोली. माझा वरिष्ठ म्हणायचा, "आपल्याला क्वार्टर मिळत नाही, पण यांना मिळतं."

भोपळे बघून शिपाई दर आठवड्याला विचारायचा, "साहेब, भाजी कधी?"

आता या धंद्यातली एक गोष्ट शेतकऱ्याला सांगितली जात नाही. हे मित्रकीटक माणसालाही चावतात. मुद्दाम नाही. त्यांना माणूस खायचा नसतो. पण घामेजल्या हातावर अळी पडली की ती सुळे टोचून बघते, हे काय आहे, खाता येतं का. टाचणी टोचल्यासारखं होतं, पुरळ येतं, दोन दिवसांत जातं. पत्रकात हे छापायचं नाही असा अलिखित नियम होता. "मित्र म्हणायचं आणि चावतो म्हणायचं, लोक घेतील का?" वरिष्ठांचं म्हणणं. मला ते पटायचं नाही. माणसाला खरं सांगावं, त्याला कळतं.

गंगापूर रोडला एका बँक मॅनेजरांच्या बंगल्यात गुलाब होते. मावा पडला म्हणून मी तिथे क्रायसोपा सोडले. चार दिवसांनी त्यांच्या पत्नीचा ऑफिसात फोन. "अहो, आमच्या गुलाबावर कचरा चालतोय! आणि चावतोय!" बाई खरं बोलत होत्या. काही जातीच्या अळ्या खाल्लेल्या माव्याची टरफलं पाठीवर लादून हिंडतात, कोणाला ओळखू येऊ नये म्हणून. मी गेलो, तो 'कचरा' उचलून माझ्या मनगटावर ठेवला आणि त्यांच्यादेखत चावून घेतलं. "बघा बाई, मी उभा आहे." त्या हसल्या आणि मला आत बोलावून खुर्चीवर बसवून सरबत दिलं.

तेव्हापासून ती माझी पद्धतच पडली. गावात सभा घेतली की आधी चावून घ्यायचं, मग बोलायचं. पोरं हसायची, म्हातारे विचारायचे, "साहेब, दुखलं का?" मी म्हणायचो, "दुखलं. पण बघा, मेलो नाही." पोरंटोरं मला 'किडेसाहेब' म्हणायची. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे.

हा लेख मागताना अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं होतं, हलकंफुलकं काही लिहा. हलकंफुलकं होतं ते वर लिहून संपलं.

१९८०च्या आसपासची गोष्ट. दिंडोरीच्या बाजूला एका गावात माझा एक बागायतदार होता. सगळे त्याला अण्णा म्हणायचे, मीही तेच म्हणतो. माणूस हुशार, नवीन गोष्ट करून बघणारा. फवारण्या बंद ठेवून माझे किडे सोडायला जिल्ह्यात जे मोजके लोक तयार झाले, त्यातला एक. अण्णाचं घर बागेलाच लागून. उंच ओटा, ओट्यावर अण्णाची बायको, काकू, काहीतरी निवडत बसलेली. खाली अंगण, अंगणापलीकडे विहिरीवरच्या पंपाचं मोटारघर, आणि मग द्राक्षाचा मांडव.

मी गेलो की माझा चहा मोटारघरात यायचा. अण्णा स्वतः घेऊन यायचा, माझ्याबरोबर खताच्या पोत्यावर बसून प्यायचा, गप्पा छान मारायचा. पण चहा मोटारघरात. तिथे भिंतीत एक कोनाडा होता आणि कान तुटलेला माझा कप त्या कोनाड्यात पालथा ठेवलेला असायचा. 'वर या' असं कोणी म्हणालं नाही आणि मीही विचारलं नाही. नाशिकरोडच्या वस्तीतला माणूस आहे, न विचारता कळतं.

त्याच कोनाड्यात, माझ्या कपाशेजारी, टॉनिकची एक जुनी बाटली असायची. बुचाच्या जागी चिंधीचा बोळा. तिच्यात औषध.

इथे थांबून एक सांगतो. आपल्याकडे खोकल्याला घेतात ते औषध आणि पिकावर मारतात तेही औषध. शब्द एकच. शेतकरी म्हणतो, "आज औषध मारलं," "औषध आणायला तालुक्याला गेलो." आणि पेपरात बातमी येते तेव्हा गावात म्हणतात, अमका औषध प्याला. त्या दिवसांत जे जहाल औषध चालायचं त्याचं नाव देत नाही, आता ते कोणी विकत नाही. उघड्या कातडीतून अंगात जायचं. मोठ्या डब्यातून थोडं बाटलीत काढून ठेवायचं, फवारणाऱ्या गड्याला वापरायला सोपं. सगळ्या बागांत हीच रीत. मी अण्णाला म्हणायचो, "अण्णा, ही बाटली इथे नको." अण्णा म्हणायचा, "साहेब, तुमच्यामुळं तर बंद केलंय ना मारायचं? पडून हाय बिचारी."

भात काढून झालं की सुरगाण्याकडची माणसं जीपमध्ये दाटीवाटीनं बसून द्राक्षबागांत कामाला उतरायची. अण्णाकडे दर वर्षी एकच टोळी यायची. मुकादम लहानू, दहाबारा बाया. त्यांचं काम विरळणी. घडातले जादा मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात. मांडवाखाली उभं राहायचं, मान वर, हात वर, दिवसभर. पानांतून जे काही पडेल ते अंगावर.

त्यात जमनी नावाची एक होती. विशी ओलांडलेली नसेल. सभेत मी चावून घेतलं तेव्हा सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या, ही मोठ्यानं म्हणाली, "साहेब, माझा नवरा बी चावतो, त्याला नळीत भरता का?" लहानूनं तिला दटावलं, पण हसू त्यालाही आवरेना.

त्या दिवशी सकाळी मी मोपेडवर नळ्यांची पेटी बांधून बागेत पोहोचलो तर काम बंद. बाया गोळा झालेल्या. अण्णा धावत आला. चेहरा पांढरा.

"साहेब, तुमच्या किड्यानं बाई मारली."

जमनी मांडवाच्या कडेला पडली होती. उलट्या झालेल्या. तोंडातून फेस, अंग घामानं निथळत होतं, आणि दंडाचे, गालाचे स्नायू आपोआप उडत होते, कातडीखाली किडे चालावेत तसे. उजव्या दंडावर फडकं बांधलेलं, त्याच्या वर लहानूनं सुतळी आवळलेली, विष वर चढू नये म्हणून.

"किडा कुठंय?" मी विचारलं.

लहानूनं पानात चेंगरलेला किडा जपून ठेवला होता. नखाएवढा, काळा-तांबडा, बारीक मान आणि हनुवटीखाली मुडपलेली वाकडी सोंड. मी ओळखला. हा आम्ही पाळलेला नव्हे, बागेतलाच रानटी. पुस्तकात याला मारेकरी ढेकूण म्हणतात. झुडपावर दबा धरून बसतो, अळी आली की सोंड खुपसतो, आत लाळ सोडतो, तिचं आतलं विरघळवून पितो. माणसाला चावला तर तापलेली सुई घुसल्यासारखी आग होते. मला दोनदा चावला आहे. दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी आलं.

पण त्यानं तोंडाला फेस येत नाही.

मी तिची पापणी उघडली. बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी. आणि जवळ वाकलो तेव्हा वास आला. कुजक्या लसणासारखा. तो वास मी कॉलेजात शिकलो होतो आणि बागाबागांतून नाकात बसला होता.

"हिला काय लावलं?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "औशीद लावलं. बाईंनी सांगितलं."

ओट्यावरून काकू उतरल्या. "मीच सांगितलं. किडा चावला म्हणून ओरडली, मी वरूनच म्हणाले, कोनाड्यात औषधाची बाटली आहे, लाव जरा. आयोडीन हो! घरातलं!" त्या धावत आत गेल्या आणि आतल्या कोनाड्यातली बाटली घेऊन आल्या. बूच घट्ट, वर धूळ. बाटलीला कोणी हात लावला नव्हता.

"मग हिनं लावलं काय?" अण्णा म्हणाला.

मला कळलं होतं. मला कळायला बाटली बघायची गरज नव्हती. मालकीण ओट्यावरून म्हणते, कोनाड्यात औषध आहे. विरळणीला आलेली बाई ओटा चढून घरात जाईल का? ती तिच्या कोनाड्याकडे जाईल. ती जाईल तिथे, जिथे मी चहा पितो.

मी मोटारघरात पळालो. चिंधीचा बोळा खाली पडला होता. बाटली उघडी, अर्ध्याच्या खाली. शेजारी माझा कप पालथा.

पुढचं सगळं एकदम झालं. मी सुतळी कापली, फडकं सोडलं. फडकं औषधानं चिंब होतं, चोळीची बाही चिंब. तिनं दंडभर चोळलं होतं आणि वर पट्टी बांधून पुन्हा कामाला लागली होती. फडक्यानं ते औषध तास-दीड तास कातडीला धरून ठेवलं होतं. "बाही फाडा," मी बायांना ओरडलो, "साबण आणा, पाणी ओता!" कोणी पुढे होईना. त्यांच्या लेखी तिच्या अंगात किड्याचं विष होतं आणि मी वेळ घालवत होतो. एक बाई रडत म्हणाली, "साहेब, आमचा भगत हाय वस्तीवर, त्याच्याकडं नेऊ." तेव्हा काकूंनी साडी खोचली, हौदाजवळ बसल्या आणि जमनीचं डोकं मांडीवर घेतलं. आम्ही दोघांनी तिला धुतलं. इतकी वर्षं ज्या बाईनं माझा कप खाली ठेवला, तिच्या हाताला माझा हात लागत होता आणि तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

अण्णानं जीप काढली. बाटली मी बरोबर घेतली.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, नुकताच आलेला. लहानू माझ्या आधी बोलला, "किडा चावला साहेब, ईखारी किडा." डॉक्टरनं ॲलर्जीचं इंजेक्शन भरायला घेतलं. मी बाटली टेबलावर ठेवली.

"किड्याचं काही नाही डॉक्टर. हे अंगाला चोळलंय. बाहुल्या बघा."

"तुम्ही कोण?"

"शेती खात्यातला. किडे पाळतो."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मग बॅटरीनं तिचे डोळे बघितले, आणि हातातली सुई खाली ठेवली. वाद घातला नाही, त्याचे उपकार. "ॲट्रोपिन," तो सिस्टरला म्हणाला, "आहे तेवढं काढा." होतं तेवढं काढलं. ते फार नव्हतं. या विषावर ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत. उरलेल्यासाठी अण्णा जीप घेऊन नाशिकला निघाला.

दुपारी तिला शुद्ध आली. फेस थांबला होता. बाहुल्या थोड्या उघडल्या होत्या. लहानू हात जोडून उभा. मला वाटलं, जिंकलो. तिनं मला ओळखलं. काहीतरी पुटपुटली, मी कान जवळ नेला.

"औशीद लय लागलं," ती म्हणाली. "आग थांबतच नव्हती. बाई रागावतील."

मी म्हणालो, "नाही रागावत. तू बोलू नकोस."

"सांगा त्यांना. सांडलं नाय. लावलं."

नंतर ती बोलली नाही. दिवस कलायला लागला तसा श्वास पुन्हा घरघरायला लागला, छातीत पाणी भरल्यासारखा. डॉक्टर पुन्हा पुन्हा रिकामं खोकं उघडून बघत होता, बघितल्यानं त्यात काही यावं तसा. अण्णाची जीप फाटकात शिरली तेव्हा सिस्टर तिच्या अंगावर चादर ओढत होती. अण्णा हातात पुडकं घेऊन दारात उभा राहिला. त्याला कोणी सांगितलं नाही. त्यानं ते पुडकं सिस्टरच्या हातात दिलं, "राहू द्या, कोणालातरी लागंल," म्हणाला, आणि पायरीवर बसला.

पोलिसांना मी जे बघितलं ते सांगितलं. डॉक्टरनंही सांगितलं. कागदावर काय उतरलं ते उतरलं असेल. पण गावात, शेजारच्या गावात, सुरगाण्यापर्यंत जीपमधून जी गोष्ट गेली, ती एकच. किडा चावून बाई मेली. लहानूनं तो पानातला किडा पुडीत बांधून गावी नेला, सगळ्यांना दाखवायला. ती गोष्ट सगळ्यांना सोयीची होती. त्यात कोणाचा हात नव्हता, कोनाडा नव्हता, ओटा नव्हता. नुसता एक किडा.

पंधरवड्यानं मी अण्णाकडे गेलो. बागेत शिरतानाच वास आला. सगळी बाग फवारली होती. माझे क्रायसोपा, ढालकिडे, कोळी, सगळं खाली पडलेलं. तो चावरा किडाही उताणा.

"साहेब, तुमचं खरं हाय," अण्णा म्हणाला, "मला माहितीय तुमचं खरं हाय. पण बाया म्हणत्यात, किडा दिसला की आम्ही काम सोडणार. मणी फुगायला लागलेत. मी काय करू?"

त्याच्या जागी मीही दुसरं काय केलं असतं, मला सांगता येत नाही. मोपेडकडे निघालो तर ओट्यावरून हाक आली.

"साहेब, वर या. चहा ठेवलाय."

काकू उभ्या होत्या. मी चढलो. सतरंजी टाकली होती. बशीसकट चांगला कप होता. काकू समोर बसल्या आणि एकच वाक्य बोलल्या, "मी 'घरातल्या कोनाड्यात' म्हणाले असते तर?" मी म्हणालो, "तरी ती वर आली नसती, काकू." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी चहा संपवला.

त्यानंतर मी पिकावरच्या औषधाला औषध म्हणणं सोडलं. सभेत सरळ म्हणायचो, विष. "अण्णा, विष मारलं का?" "तुमच्या विषाचा डबा कुठं ठेवता?" लोकांना झोंबायचं. एक जण म्हणाला, "साहेब, आम्ही काय लोकांना विष खायला घालतो का?" मी म्हणालो, "डब्यावर कवटी कशाला छापलीय मग? दागिना म्हणून?" दुकानदारांना जास्त झोंबलं. वर तक्रारी गेल्या. वरिष्ठांनी बोलावून समजावलं, "अहो, एका शब्दासाठी कशाला वाकडेपणा?" मी म्हणालो, एका शब्दासाठीच. मग माझी बदली झाली. कुठे, तर सुरगाण्याला. ऑफिसात लोक हळहळले. तिथे ना द्राक्ष, ना प्रयोगशाळा. भात, नागली आणि डोंगर.

तिथे पहिल्याच हिवाळ्यात, मी क्वार्टरच्या व्हरांड्यात बसलो असताना, एक म्हातारी फाटकातून आत आली. वाळकी, ताठ. अंगणात उभी राहिली.

"किड्यांचा साहेब तूच ना?"

डोंगरातली माणसं सगळ्यांना तूच म्हणतात. मला ते आवडायचं.

"हो. वर या आजी, बसा."

"हितंच बरं हाय." ती पायरीखाली मातीत बसली. "मी जमनीची आय. लहानूनं सांगितलं तू हितं आलास."

मी खुर्चीतून उठलो. ती म्हणाली, "लहानूनं किडा आणला व्हता, पन पार चेंदामेंदा. काय कळंना. तुझ्याकडं हाय का? जिता? माला बघायचाय."

माझ्याकडे होता. क्वार्टरमागच्या तुरीवर ते असायचे, आणि सवय सुटत नाही, एक नळीत ठेवलेला होता. मी खाली उतरून नळी तिच्या हातात दिली. तिनं ती उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ बघितलं.

"येवढासा?"

"आजी, यानं नाही मारलं तिला," मी म्हणालो. "हा चावतो. मारत नाही."

तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. तिनं बूच काढलं आणि मी हात पुढे करायच्या आत किडा स्वतःच्या तळहातावर ओतून मूठ मिटली. मी ओरडलो. तिचं तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, पण मूठ उघडली नाही. मग सावकाश उघडली. किडा उडून कुंपणावर बसला. तळहातावर लाल टिपका, भोवती चढत जाणारी सूज.

ती तशीच बसून राहिली. मी पाणी आणलं, प्यायली नाही. वाट बघत होती. माझ्या सभेत मी ज्याचा खेळ करायचो, तेच ती करत होती. सावली अंगणातून सरकून फाटकापर्यंत गेली.

"लय आग हाय," शेवटी म्हणाली. "पन मी मेले नाय."

"नाही."

"मंग माझी पोर कशानं मेली?"

मी सांगितलं. सगळं. किडा, आग, ओट्यावरची हाक, दोन कोनाडे, दोन बाटल्या. विष म्हणालो, ईख म्हणालो, जो शब्द तिला कळेल तो म्हणालो. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही.

"घरातलं चांगलं औशीद व्हतं?"

"होतं."

"तिला नको म्हनले व्हते का, वर येऊ?"

"नाही. कोणी नको म्हणालं नव्हतं."

"मंग वर का नाय गेली?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे त्या तीन पायऱ्यांकडे, वर व्हरांड्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे. मग आपण बसलो होतो त्या मातीकडे.

तिचा हात आता मनगटापर्यंत सुजला होता. मी उठलो. आतल्या कपाटात आयोडीन होतं.

"थांबा आजी," मी म्हणालो, "हाताला औषध लावतो."

तिनं हात झटकन पदराखाली घेतला.

"नको," ती म्हणाली. "जाईल तसंच."

आणि फाटक ओढून घेऊन निघून गेली.